सेप्टिक टाकी बंद करून महापालिकेच्या मलवाहिनीला जोडणी घेताना

रस्त्याखाली नवी मलवाहिनी टाकून होते, खोदलेला रस्ता कसाबसा बुजवला जातो आणि काही महिन्यांत सोसायटीच्या फलकावर महापालिकेची नोटीस लागते: ठरावीक मुदतीत आपल्या इमारतीचे सांडपाणी सार्वजनिक मलवाहिनीला जोडून घ्यावे. शहरांतल्या पाणीपुरवठा व मलनिःसारणाच्या कामांसाठीचे केंद्र सरकारचे ‘अमृत’ अभियान २०१५ साली सुरू झाले, त्याचा दुसरा टप्पा २०२१ साली आला, आणि या काळात महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत भुयारी गटार योजनांची कामे झाली. ज्या इमारतींचे तीस-तीस वर्षे सेप्टिक टाकीवर भागले होते, त्यांच्या कमिट्यांपुढे हा विषय पहिल्यांदाच उभा राहिला.

आमची इमारत छत्तीस सदनिकांची, दोन विंगांची. तळमजल्यावर चार दुकाने आहेत आणि त्यांपैकी एक फरसाणवाल्याचे आहे. नोटीस आल्यावर आम्ही पहिला फोन ठेकेदाराला केला. पहिले काम खरे तर चेंबरचे झाकण उघडून आत पाहण्याचे होते, हे आम्हाला दीड महिना आणि एक वाया गेलेले कोटेशन यांच्या मोबदल्यात कळले. सेप्टिक टाकी मागच्या अंगणात आणि नवी मलवाहिनी पुढच्या रस्त्यात, म्हणजे इमारतीतला प्रत्येक पाईप उलट्या दिशेने वाहत होता, आणि हे कोटेशन देणाऱ्यानेही पाहिलेले नव्हते. जोडणी म्हणजे दारापासून रस्त्यापर्यंत एक पाईप टाकणे, अशी समजूत घेऊन जी कमिटी कामाला लागते तिचे अंदाजपत्रक हमखास फसते. या सगळ्या व्यवहाराचा कणा म्हणजे हद्दीवरचे शेवटचे चेंबर. ते कुठे येणार, किती खोल जाणार आणि त्याच्या पुढच्या पाईपची देखभाल कोणाकडे राहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. बाकीचे सर्व त्यांच्यामागून येते.

कायद्याचा आधार कोणता

बृहन्मुंबईत १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. इतर महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू होतो, आणि नगरपरिषदा व नगरपंचायतींना १९६५ चा त्यांचा स्वतंत्र अधिनियम. सार्वजनिक मलवाहिन्या बांधणे, राखणे आणि साफ ठेवणे हे महापालिकेचे ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक कर्तव्य म्हणून या कायद्यांत लिहिलेले आहे. त्याची दुसरी बाजू मालकांवर येते. एखाद्या मिळकतीला सांडपाण्याच्या निचऱ्याची पुरेशी सोय नसेल आणि तिच्या कोणत्याही भागापासून शंभर फुटांच्या, म्हणजे साधारण तीस मीटरच्या आत महापालिकेची मलवाहिनी असेल, तर आयुक्त लेखी नोटीस देऊन मालकाला स्वखर्चाने वाहिनी बांधून ती जोडण्यास फर्मावू शकतात. नोटिशीकडे दुर्लक्ष केल्यास महापालिका ते काम स्वतः करून घेऊ शकते आणि खर्च मिळकतधारकाकडून वसूल करू शकते.

त्याच कायद्यांतल्या आणखी तीन तरतुदी कमिटीच्या सदस्यांनी आधीच वाचून ठेवाव्यात. परवानगीशिवाय सार्वजनिक मलवाहिनीला जोड देणे हा अपराध आहे, मग तो जोड तांत्रिकदृष्ट्या कितीही उत्तम असो. सार्वजनिक मलवाहिनीवर परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. वॉचमनची केबिन, दुचाकींची शेड किंवा देवळीचा कट्टा बांधताना हे कोणाच्या ध्यानात येत नाही आणि पुढे फोडायची वेळ येते. तिसरी तरतूद अडचणीत सापडलेल्यांच्या उपयोगाची आहे. शेजाऱ्याच्या जमिनीतून वाहिनी नेण्याखेरीज दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल, तर शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेऊन तशी परवानगी देण्याचा अधिकार आयुक्तांना असतो. तेव्हा शेजारच्या सोसायटीने नकार दिला म्हणजे विषय संपला असे समजू नये. मात्र ही वाट लांबची आहे. आधी दोन्ही सेक्रेटरींनी एकत्र बसून पाहावे.

सांडपाणी कुठेही सोडण्याला १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदाही आडवा येतो. सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारे पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती कोणाला गैर वाटत नाही. ते गटार शेवटी नाल्याला आणि नाला नदीला मिळतो, आणि अशा रीतीने प्रदूषित पाणी प्रवाहात सोडण्यास हा कायदा मनाई करतो. वीस हजार चौरस मीटरपेक्षा अधिक बांधकामाच्या गृहसंकुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही, आणि त्यांच्या मंजुरीत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवण्याची अट असल्यास नुसती मलवाहिनीची जोडणी घेतल्याने त्या अटीतून सुटका होत नाही.

मैल्याची वाट वेगळी, पावसाची वेगळी

इमारतीतून तीन प्रकारचे पाणी बाहेर पडते: संडासाचे, न्हाणीघर व स्वयंपाकघराचे, आणि गच्चीवरून उतरणारे पावसाचे. पहिली दोन मलवाहिनीत जातात. तिसरे कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये, आणि परवानगीच्या अटींत हे वाक्य असतेच. तरीही जुन्या इमारतींत गच्चीचा पन्हाळपाईप सरळ मैल्याच्या चेंबरमध्ये उतरवलेला सापडतो, कारण बिल्डरला तेच जवळचे पडले होते.

हा नियम सरकारी हट्ट नाही, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होते, असा अभियांत्रिकीत ठोकताळा आहे. छत्तीस सदनिका, प्रत्येकी पाच माणसे, म्हणजे १८० माणसांचे दिवसभराचे सांडपाणी साडेएकोणीस हजार लिटरच्या आसपास येते. आता गच्ची ४०० चौरस मीटरची धरा आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा, जो आपल्याकडे जुलैत नवलाचा नाही. त्या एका गच्चीवरून एका तासात वीस हजार लिटर पाणी उतरते. म्हणजे चोवीस तासांचा मैला वाहून नेण्यासाठी बेतलेल्या वाहिनीत तेवढेच पाणी एका तासात ओतले जाते. मग जोराच्या पावसात उताराकडच्या गल्लीत मॅनहोलची झाकणे उचलली जातात आणि तळमजल्याच्या संडासांतून पाणी उलटे येते. ते पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते, म्हणून पहिल्याला त्याचे काही वाटत नाही.

ओळखण्याची रीत सोपी आहे. एका रविवारी सकाळी अंगणातल्या सर्व चेंबरची झाकणे उघडून घ्यावीत आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाणी सोडावे: आधी एका विंगेच्या संडासांतून, मग न्हाणीघरांतून, मग गच्चीच्या प्रत्येक पन्हाळातून. पाण्यात थोडी निळी किंवा हळद कालवली की कोणते पाणी कुठल्या चेंबरमध्ये उतरते ते लगेच दिसते. कागदावर अंगणाचा आराखडा काढून प्रत्येक चेंबरला क्रमांक द्यावा, आणि झाकणावरही ऑइलपेंटने तोच क्रमांक घालावा. आमच्याकडे मंजूर नकाशात सात चेंबर होती आणि प्रत्यक्षात नऊ निघाली. उरलेली दोन कोणी, केव्हा बांधली ते कोणालाच आठवेना. त्यांपैकी एकावर तुळशीवृंदावन होते.

पातळ्या मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

सांडपाणी पंपाशिवाय, उताराने वाहायला हवे. त्यासाठी प्रत्येक चेंबरची तळपातळी, म्हणजे पाणी ज्या पृष्ठावरून वाहते त्याची पातळी मोजावी लागते. जमिनीपासून खोली मोजून भागत नाही, कारण अंगणाला स्वतःचा उतार असतो. मोठ्या कामाला सर्व्हेअरची लेव्हल मशीन लावावी. छोट्या अंगणात गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूबही पुरते: दोन टोकांना पाणी एका पातळीत राहते, तिथून खाली मोजत जायचे. रस्त्यातल्या मॅनहोलची तळपातळी महापालिकेच्या मलनिःसारण विभागाकडे असते. ती कनिष्ठ अभियंत्याकडून लेखी घ्यावी. स्वतः रस्त्यातले झाकण उचलण्याच्या फंदात पडू नये.

उतार किती द्यावा याचे प्रघात ठरलेले आहेत. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाईपला साधारण ५७ मीटरला एक मीटर, १५० मिलिमीटरला १०० मीटरला एक मीटर आणि २०० मिलिमीटरला १४५ मीटरला एक मीटर हे किमान मानतात. मैला वाहत राहावा, तळाशी बसू नये, म्हणून पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो, आणि तो वेग मिळावा हाच या उतारांचा हेतू आहे.

आमचा हिशेब इथे मांडतो, म्हणजे कागदावर तो कसा करतात ते कळेल. मागच्या कोपऱ्यातल्या पहिल्या चेंबरपासून रस्त्यातल्या मॅनहोलपर्यंत वाटेचे अंतर ४६ मीटर. १५० मिलिमीटरचा पाईप आणि शंभराला एक उतार, म्हणजे ४६ सेंटिमीटर खाली उतरणे आले. वाटेत पाच चेंबर, प्रत्येकात दोन-अडीच सेंटिमीटरची झुकण, म्हणजे आणखी १२. पहिल्या चेंबरची खोली मुळात ४५ सेंटिमीटर. बेरीज १०३. शिवाय पुढचे अंगण मागच्यापेक्षा २० सेंटिमीटर उंच, आणि याच कारणाने बिल्डरने पूर्वी सगळे पाईप मागे वळवले होते. म्हणजे पुढच्या फाटकाजवळ पाईप जमिनीखाली १२३ सेंटिमीटरवर येणार. रस्त्यातल्या मॅनहोलचा तळ त्याच फाटकाच्या पातळीपासून मोजला तर दीड मीटर खाली होता. हातात २७ सेंटिमीटर राहिले. ही वजाबाकी ऋण आली असती तर जोडणीसाठी फाटकाजवळ टाकी आणि पंप बसवावा लागला असता, त्याचे वीजबिल आले असते आणि वीज गेल्यावरची पंचाईतही. ज्या सोसायट्यांचे अंगण रस्त्यापेक्षा खाली आहे त्यांनी हा हिशेब निविदा मागवण्यापूर्वी करावाच, कारण रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढत जातो आणि इमारत तिथेच राहते.

तळमजल्याची न्हाणी किंवा संडास जवळच्या सार्वजनिक मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर उलट्या प्रवाहाचा धोका कायमचा असतो. तिथे शेवटच्या चेंबरमध्ये एकतर्फी झडप बसवावी आणि ती दर सहा महिन्यांनी उघडून साफ करावी. केसांचा एक पुंजका अडकला तरी झडप उघडी राहते.

ठराव, अर्ज आणि शुल्क

आदर्श उपविधींप्रमाणे सामाईक सांडपाणी वाहिन्या आणि सेप्टिक टाकी यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाची बाब आहे. सदनिकेच्या आतल्या गळतीचा खर्च सदस्याचा. त्यामुळे जोडणीचा खर्च सर्वांवर पडतो, आणि उपविधींत ठरवलेल्या मर्यादेपुढची रक्कम असल्यास सर्वसाधारण सभेचा ठराव आणि कोटेशने लागतात. दुकानदारांची वर्गणी किती, हा वाद याच सभेत मिटवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. काम सुरू झाल्यावर तो मिटत नाही.

अर्ज सोसायटीच्या नावाने, प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयातल्या मलनिःसारण विभागाकडे जातो. अर्जासोबत सभेच्या ठरावाची प्रत, मंजूर बांधकाम नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कर व पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, परवानाधारक प्लंबरचे पत्र आणि त्याच्या सहीचा वाहिनीचा आराखडा साधारणपणे मागतात. आराखड्यात पाईपचे व्यास, लांबी, उतार, चेंबरचे क्रमांक आणि तळपातळ्या असाव्यात. वरचा हिशेब केलेला असेल तर हे एका दुपारचे काम आहे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या इमारतींनी तेवढ्यावरून माघार घेऊ नये. सांडपाणी उघड्यावर सोडणे महापालिकेलाही परवडणारे नसते. आपली अडचण अर्जात लेखी मांडावी आणि कोणता पर्यायी कागद चालेल ते लेखी विचारावे.

शुल्क तीन तुकड्यांत येते: जोडणीचे शुल्क, रस्ता खोदाईचे व पूर्ववत करण्याचे शुल्क, आणि काही ठिकाणी परत मिळणारी अनामत. तिन्हींच्या वेगवेगळ्या पावत्या घ्याव्यात. खोदाई शुल्क रस्त्याच्या प्रकाराप्रमाणे बदलते, काँक्रीटच्या रस्त्याला सर्वांत जास्त पडते, आणि पावसाळ्यात खोदाईची परवानगी सहसा मिळत नाही. म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा. मार्चमध्ये अर्ज देणाऱ्याचे काम जूनच्या तोंडावर अडकते आणि अर्धवट खणलेला चर पावसाच्या हवाली होतो.

अर्ज रेंगाळला तर २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम हाताशी आहे. जलनिःसारण जोडणी देणे ही त्याखाली अधिसूचित केलेली सेवा आहे. कोणत्या सेवेला किती दिवस, पदनिर्देशित अधिकारी कोण आणि पहिले अपील कोणाकडे, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. अर्जाची दिनांकित पोच हाच या हक्काचा पाया असल्याने पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते, त्यावर दुसरे अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. रक्कम किरकोळ वाटेल, परंतु अपिलाचा नुसता उल्लेख असलेल्या पत्राने फाइल हलते, हा माझा अनुभव.

चर, पाईप आणि परीक्षा

कामाच्या वेळी कमिटीतल्या एकाने तरी चराशेजारी उभे राहावे. चराच्या तळाशी वाळूचा किंवा बारीक मुरुमाचा थर हवा. पाईप दगडांवर टेकला तर वरून टेम्पो गेल्यावर तिथेच तडकतो. वळणावर कोपर बसवून पुढे जाण्याचा मोह प्लंबरला होतो. तो होऊ देऊ नये. दिशा बदलते तिथे, उतार बदलतो तिथे आणि दुसरा पाईप येऊन मिळतो तिथे चेंबर हवे, कारण उद्या तुंबल्यावर सळई घालायला तेवढीच जागा असते.

चेंबरचा तळ सपाट करून सोडणे हा सर्वांत सामान्य दोष आहे. तळाला पाईपच्या व्यासाचीच अर्धगोल नाली काढून, तिच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा घोटीव उतार करावा, म्हणजे मैला नालीतूनच जातो आणि बाजूला साचत नाही. आमच्या गवंड्याने पहिल्या दोन चेंबरमध्ये तळ थापीने छान सपाट करून दिला होता आणि त्याला त्याचा अभिमानही होता. आम्ही तो फोडून पुन्हा करवून घेतला. घोटाई चालू असताना त्याने बाटलीच्या बुडाने ती नाली अशी गुळगुळीत केली की त्याचे कसब मान्य करावे लागले.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे पाणी गली ट्रॅपमधून आणावे. ट्रॅपमधला पाण्याचा पडदा मलवाहिनीतला वायू घरात येऊ देत नाही. सेप्टिक टाकीच्या काळात काही न्हाण्यांचे पाणी थेट शोषखड्ड्यात जात असते आणि त्यांना ट्रॅपच नसतो. जोडणीनंतर त्या घरांत दुर्गंधी सुरू होते आणि दोष नव्या वाहिनीला दिला जातो. वाहिनीतला वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाईप गच्चीच्या वरपर्यंत नेलेला आहे ना आणि त्याचे तोंड जाळीने झाकलेले आहे ना, हेही पाहून घ्यावे.

चर बुजवण्यापूर्वी दोन परीक्षा करून घ्याव्यात आणि त्या निविदेतच लिहाव्यात. खालच्या टोकाला बूच मारून वरचे चेंबर पाण्याने भरावे आणि पातळी उतरते का ते पाहावे. उतरली तर कुठलातरी सांधा गळतो आहे. मग पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा सेंटिमीटरभर लहान रबरी चेंडू वरच्या चेंबरमध्ये सोडून बादलीभर पाणी ओतावे. तो खालच्या चेंबरमध्ये विनाअडथळा आला पाहिजे. आमचा चेंडू तिसऱ्या आणि चौथ्या चेंबरच्या मध्ये अडकला. सांध्यातून आत आलेल्या सिमेंटची एक गुठळी आत घट्ट झाली होती. चर उघडा असल्याने तासाभरात निस्तरले.

रस्त्यातल्या मॅनहोलला प्रत्यक्ष जोड महापालिकेच्या कर्मचाऱ्यांकडून किंवा त्यांच्या देखरेखीखालीच द्यावा. आपला पाईप मोठ्या वाहिनीच्या तळाशी शिरवू नये. दोन्हींचे वरचे काठ एका पातळीत आले तर मोठ्या वाहिनीतले पाणी आपल्याकडे फुगत नाही. आपला पाईप मॅनहोलच्या तळापासून साठ सेंटिमीटरपेक्षा जास्त उंचीवर येत असेल तर उभा पाईप लावून पाणी खाली उतरवावे लागते. नाहीतर ते उंचावरून पडून मॅनहोलची भिंत खाते. काम झाल्यावर अभियंत्याची पाहणी आणि पूर्णत्वाचा दाखला घ्यावा. ठेकेदाराचे शेवटचे बिल या दाखल्याला बांधून ठेवले तर दाखला वेळेत येतो.

टाकीचे काय करायचे

जुनी टाकी वाहिनीच्या मध्येच ठेवून तिच्या निकासाला मलवाहिनी जोडण्याचा सोपा मार्ग काही जण सुचवतात. महापालिकेने स्पष्टपणे तसे सांगितले नसेल तर तो स्वीकारू नये. टाकी मध्ये राहिली की दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसण्याचा खर्च चालूच राहतो, म्हणजे जोडणीचा निम्मा फायदा गेला. टाकीला वळसा घालून नवी वाहिनी न्यावी, ती चालू झाल्याची खात्री करावी आणि मगच टाकीला हात लावावा.

इथे माझा सूर थोडा कडक होईल. टाकी सक्शन गाडीने वरूनच उपसावी, आणि कोणत्याही कारणाने, अगदी पाच मिनिटांसाठी, तळाशी बादलीभर गाळ राहिला म्हणूनही, माणूस आत उतरू देऊ नये. बंद टाकीतल्या वायूने माणूस दोन श्वासांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचे कलम ७ कोणत्याही व्यक्तीला, स्थानिक प्राधिकरणाला वा संस्थेला मलवाहिनीच्या किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे माणूस लावण्यास बंदी करते. पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या अपराधाला पाच वर्षे व पाच लाखांपर्यंत. ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द सेक्रेटरीने नीट वाचावा, कारण माणूस ठेकेदाराचा होता हे उत्तर पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मलवाहिनीतील मृत्यूची भरपाई २०१४ च्या निकालात दहा लाख ठरवली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. टाकी उपसण्यासाठी अधिकृत गाडी मिळवायला १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. उपसलेला मैला कुठे रिकामा केला याची पावतीही गाडीवाल्याकडून मागावी. नाल्याकाठी रिकामी केलेली गाडी आपल्याच प्रयत्नांवर पाणी फिरवते.

रिकामी टाकी वरून पाणी मारून धुवावी, तळाला यंत्राने भोके पाडावीत, म्हणजे पावसाचे पाणी आत साचून राहत नाही, आणि मग मुरुम व विटांच्या तुकड्यांनी थरांनी भरून, ठोकून, वरून काँक्रीट करावे. नुसते झाकण ठेवून वर्षानुवर्षे सोडलेली टाकी हा मुलांसाठी आणि गाड्यांसाठी सापळाच आहे.

दुकाने आणि तेल

तळमजल्याच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांचे पाणी सरळ वाहिनीत घेऊ नये. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या व्यावसायिक सांडपाण्यात तेल व चिकटा लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि सामू (पीएच) ५.५ ते ९ च्या दरम्यान असावा लागतो. तळणाचे तेल गरम पाण्याबरोबर सिंकमधून द्रवरूप जाते आणि तीस फुटांवर गार होऊन पाईपच्या वरच्या भिंतीला मेणासारखे चिकटते. फरसाणवाल्याच्या सिंकनंतर आम्ही चिकटा अडवणारी दोन कप्प्यांची छोटी टाकी बसवून घेतली आणि ती दर आठवड्याला साफ करण्याची अट त्याच्या ना हरकत पत्रात घातली. तो सुरुवातीला कुरकुरला. आता तळणाचे जुने तेल वेगळे साठवून विकतो.

शेवटच्या चेंबरच्या पुढे

जोडणीनंतर पहिला वाद तुंबण्यावरून होतो. शेवटच्या चेंबरमध्ये पाणी तुंबलेले असेल तर दोष पुढे, रस्त्याच्या बाजूला आहे. ते कोरडे असून मागचे भरलेले असेल तर दोष आपल्या अंगणात. तक्रार करण्यापूर्वी हे पाहून, दोन्ही चेंबरचे फोटो जोडून तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक ठेवावा. शेवटच्या चेंबरपासून मॅनहोलपर्यंतच्या पाईपची देखभाल कोणाची, हे परवानगीच्या अटींत लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर पत्र देऊन लिहून घ्यावे, कारण या चार-पाच मीटरवरच दोन्ही बाजू हात झटकतात.

पुढच्या वर्षीचे मालमत्ता कराचे आणि पाण्याचे बिल ओळीओळीने वाचावे. मलनिःसारणाशी संबंधित कर किंवा आकार त्यात आता दिसेल, तो आधीपासूनच लागत असेल तर किती काळ ते तपासावे, आणि जोडणीचा दाखला त्या विभागाकडेही पोचता करावा. आराखड्याची, दाखल्याची आणि पावत्यांची एक फाइल नव्या कमिटीला हस्तांतरित होणाऱ्या कागदांत असावी. अंगणाच्या आराखड्याची एक प्रत वॉचमनच्या केबिनमध्ये काचेखाली लावावी, कारण मध्यरात्री तुंबते तेव्हा सेक्रेटरी गावाला गेलेला असतो.

पहिल्या पावसाळ्यात, मोठी सर कोसळत असताना, छत्री घेऊन शेवटच्या चेंबरचे झाकण एकदा उचलून पाहावे. पाणी नेहमीच्याच मानाने नालीतून वाहत असेल तर काम नीट झाले. पातळी भराभर चढताना दिसली तर कुठला तरी पन्हाळ अजून मैल्याच्या वाहिनीत उतरतो आहे. आम्हाला तसा एक सापडला, बी विंगच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोला जोडलेला.